गाडी हलकी करताना

"नेमका इथंच कसा धापा टाकतो हा," अशी कुरकूर माझ्या कानाला लागून चालली होती. ती माझ्याशी नव्हती, लॅपटॉपशी होती. मी ह्यांच्या शेजारी खुर्ची ओढून ब्लाउजला हुक लावत बसले होते. "सपाटीला पळतो, चढाला पळतो. उताराचं वळण आलं की ह्याचा जीव जातो."

पडद्यावर लाल एसटी कुंभार्ली घाटातल्या तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी अडकली होती. वायपर अर्ध्यात उभा, समोरची दरी थिजलेली, आणि हॉर्न मात्र एका सुरात चालूच. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता.

"आलं का चिपळूण?" मागून पलंगावरून आत्यांनी विचारलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते.

"नाही आलं, आई."

"कालबी न्हवतं आलं. एवढ्या वेळात मी चालत गेले असते."

"लॅपटॉप अडकतोय, त्याला मी काय करू," हे म्हणाले, आणि कंबरेला हात लावून उठून नळाला पाणी आलंय का ते बघायला गेले. आमच्याकडं पाणी सकाळी येतं. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. हे पाटण डेपोत ड्रायव्हर होते आणि पाटण-चिपळूण ही त्यांची गाडी होती, एकोणीस वर्षं. त्या साली गणपती झाल्यावर घाट उतरताना तिसऱ्या वळणावर वरून एक दगड सुटला आणि रस्त्याच्या मधोमध येऊन पडला. ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. दगड आणि गाडी यांच्यात दोन हात उरले. डावं चाक आणि दरी यांच्यात त्याहून कमी. गाडीत अडतीस माणसं होती, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. डेपोत सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, पेपरात फोटो आला. त्यानंतर आठ दिवसांनी ह्यांची कंबर दुखायला लागली.

एक्स-रे काढला, त्यात काही नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांकडं काढला, त्यातही नव्हतं. पट्टा आणला, तेल चोळलं, विटेनं शेकलं. घरात आम्ही त्या कंबरेला जावयासारखं जपत होतो; तिला वेगळी उशी, बसायला वेगळी खुर्ची, आणि तिच्याबद्दल वावगं बोलायची कुणाची हिंमत नाही. गल्लीत जो भेटेल तो विचारायचा, "कंबर काय म्हणतेय?" आणि हे सांगायचे, "आहे तशीच."

तीन महिने असे गेले. मग डेपोतून निरोप आला, सोमवारपर्यंत लेखी द्या. गाडीवर येताय, की डेपोतच हलकं काम घेताय? हलकं काम म्हणजे टायरच्या खोलीत बसायचं. आमच्या ओळखीत तरी एकदा टायरच्या खोलीत बसलेला माणूस परत स्टिअरिंगवर गेलेला नव्हता. आणि माझ्या नवऱ्याचं असं, की बाहेरून चिपळूणची गाडी गेली तर गिअरच्या आवाजावरून हे सांगायचे, आज कदम आहेत की मुल्ला. ज्याचा कान असा, त्याला टायर राखायला बसवायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं.

गेम घरात माझ्यामुळं आला. आमच्या पल्लवीनं पुण्यात नोकरी लागल्यावर नवा लॅपटॉप घेतला आणि जुना माझ्याकडं टाकला, "आई, ब्लाउजच्या डिझाइन बघ" म्हणून. डिझाइन बघता बघता मला हा बस चालवायचा गेम दिसला. त्यात केरळातल्या लोकांनी आपापल्या गावच्या बसगाड्या घातल्या होत्या, आपले रस्ते, आपले हॉर्न. गेममध्ये अशी बाहेरून जी भर घालतात तिला मॉड म्हणतात. कशी घालायची ते एक माणूस व्हिडिओत शिकवायचा, पण मल्याळीत. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी त्याचा बाण पडद्यावर कुठं जातो ते बघायचे, व्हिडिओ थांबवायचे आणि आपला बाण तिथं न्यायचे. शिलाईसुद्धा मी अशीच शिकले होते, शेजारच्या शिंप्याच्या खिडकीतून. तो तरी कुठं मला शिकवत होता.

पहिल्यांदा एसटीचा रंग घातला. मग रस्ता घातला. हे नुसते मागं उभे राहून बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "घाटमाथ्यावरच्या भजीवाल्याची छत्री निळी आहे. तू लाल केलीस."

"मग तुम्ही बसा, सांगा मला."

बसले. आणि दोन तास कंबरेला हात लावायचं विसरले. हेळवाकच्या फाट्यावरचा वाकलेला खांब, पोफळीकडं उतरतानाचा तुटका कठडा, माकडं कुठल्या पुलावर बसतात, कुठल्या माकडाला शेपूट नाही, सगळं ह्यांच्या डोक्यात होतं. ते बोलायचे आणि मी घालायचे. महिन्याभरात पाटण ते चिपळूण आमच्या टेबलावर तयार झालं. डेपोचा निरोप आला तेव्हा हे म्हणाले, "एकदा हा घाट सलग उतरू दे. मग सोमवारी लिहून देतो, गाडीवर येतो म्हणून."

आणि त्या बुधवारी, रोजच्यासारखा, लॅपटॉपनं तिसऱ्या वळणावर जीव सोडला होता.

तेव्हा माझ्यापुढं काम एकच होतं, रविवारच्या आत लॅपटॉपला घाट उतरायला लावायचं.

हे बाहेर गेलेले बघून मी मशीनच्या ड्रॉवरमधला बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि लॅपटॉपची पाठ उघडली. आतून जे निघालं त्यात बाळाची उशी भरली असती. वर्षभर माझ्या शिवणाशेजारी बसून त्या पंख्यानं खण, कॉटन, पॉपलिन, सगळ्याचा धुरळा ओढला होता. मशीनच्या ब्रशनं सगळं साफ केलं, खाली हवा जायला हळदीचे दोन डबे ठेवले आणि गेम लावला. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो, सेकंदाला किती चित्रं पुढं सरकतात त्याचा. तिसाच्या वर असला तर गाडी चालते. दहाच्या खाली आला की उतरून ढकलावीशी वाटते. वळणावर आमचा आकडा सहा होता, तो नऊ झाला.

"तीन वाढले," मी म्हणाले.

"हळदीचे डबे दे माझे," आत्या म्हणाल्या. "आमटी फिकी दिसायला लागलीय."

मल्याळी माणसाची एक युक्ती होती. घातलेली अर्धी भर काढून ठेवायची, गाडी पळवून बघायची. पळाली तर दोष काढलेल्या अर्ध्यात. मग त्याच्यातली अर्धी परत घालायची. मसाला कडू झाला की आपण एकेक जिन्नस चाखून बघतो, तसंच. गुरुवारी सकाळभर मी हेच केलं. माकडं काढली, काही नाही. धुकं काढलं, काही नाही. भजीवाला काढला तर हे मागून म्हणाले, "त्याला परत ठेव, त्याची पोरगी लग्नाची आहे," म्हणून तो परत ठेवला. दुपारी सापडलं. रस्त्यात काही नव्हतं. भार गाडीतल्या माणसांचा होता.

आता ही माणसं गाडीत कशी आली? तर समोरच्या हौसाकाकूंनी एकदा पडद्यावर रिकामी एसटी बघितली आणि म्हणाल्या, "मला बसीव की यात." मी काकूंचा फोटो काढून एका बाहुलीला त्यांचं तोंड लावलं. दोन दिवसांत अख्खी गल्ली माझ्या दारात, जणू खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला. गुरव मास्तरांना पुढची सीट आणि हातात पेपर हवा होता. तांबोळीभाभी त्या दगडाच्या दिवशी खरोखरच गाडीत होत्या. त्या म्हणाल्या, मला होते तिथंच बसवा, पाचव्या सीटवर, आणि सोबत माझी शेळी पाहिजे. असे सव्वीस जण आणि एक शेळी. आणि मी काय केलं होतं, तर फोनमधला अख्खाच्या अख्खा फोटो प्रत्येकाच्या तोंडाला चिकटवला होता. तोंड दिसायचं तिळाएवढं, आणि त्याच्यामागं भिंत झाकेल एवढं चित्र. मास्तरांच्या मिशीचा केस न् केस मोजता आला असता. ते सव्वीस फोटो ओढत लॅपटॉप बिचारा घाट उतरत होता.

मी फोटो बारीक केले. आकडा एकोणिसावर गेला. संध्याकाळी काकू आणि मास्तर आपापल्या सीटची चौकशी करायला आले. काकू पुढं झाल्या.

"हे कोण?"

"तुम्हीच की, काकू."

"मी? माझं नाक कुठं हाय?"

"जरा लांबून बघा, दिसतं."

"माझं मीच लांबून बघू? मी काय परकी हाय?"

मास्तर चष्मा पुसून पडद्याजवळ गेले. "वहिनी, माझ्या पेपरातली बातमी वाचता येईना झाली."

"मास्तर, आधी तरी कुठं येत होती?"

"मथळा येत होता."

मी त्यांना समजावलं, की भार कमी केल्याशिवाय गाडी वळणावर चालत नाही, आणि रविवारपर्यंत ती चालायला हवी. सोमवारचं सगळ्यांना ठाऊक होतं. मग काकूंनी पदर खोचला.

"मग उतरीव मला. पुसलेल्या तोंडानं गावोगाव हिंडायला मला न्हाई जमायचं."

"कुठं उतरवू?"

"हेळवाकला उतरीव. तिथं माझी भन हाय."

मास्तर म्हणाले, मीही उतरतो, पेपर वाचून झालाच आहे. मग निरोप गल्लीभर गेला आणि शुक्रवारी दिवसभर लोक येऊन आपापला थांबा सांगून उतरत होते. एक जण कोयनानगरला, दोघी माहेरी. पाटणच्या स्टँडवरच उतरणारेही निघाले, जे बसले होते तिथंच. तांबोळीभाभी सगळ्यांत शेवटी आल्या.

"मी उतरते," त्या म्हणाल्या. "शेळी ऱ्हाऊ दे. तिला काय, पुसलं काय आणि न पुसलं काय."

अशी आमची गाडी हलकी झाली. आत फक्त एक शेळी. आकडा एक्केचाळीस.

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर हे बसले. मी मुद्दाम हुक-काज घेऊन शेजारी बसले, बघत नाही असं दाखवत. आणि काय सांगू, गाडी अशी निघाली जसं गरम तव्यावर लोणी सरकावं. हे तोंडानं थांबे म्हणत होते. येराडचा थांबा, हेळवाक, घाटमाथा. भजीवाल्याला हॉर्न दिला. पहिलं वळण, दुसरं वळण. मी सुई धरलेली तशीच हातात राहिली.

तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी गाडी थांबली.

"अडकला," हे म्हणाले.

मी पडद्याकडं बघितलं. वायपर डावी-उजवी फिरत होता. आरशात शेळी कान हलवत होती. कोपऱ्यात एक्केचाळीस. मग मी ह्यांच्या हाताकडं बघितलं. पुढं जायच्या बटणावरचं बोट वर उचललेलं होतं. हे बोट किती दिवस असं आधीच उचललं जात होतं कोण जाणे. लॅपटॉप त्यांच्याआधी थांबत होता म्हणून कुणाला दिसत नव्हतं. मी लॅपटॉप बरा केला होता, आणि त्यांच्याकडचं एकुलतं एक कारण काढून घेतलं होतं.

"हो, अडकला वाटतं," मी म्हणाले. "एखादी फाइल ऱ्हाली असंल. बघते मी."

"बघ," हे म्हणाले आणि कंबरेला हात लावून उठले.

पलंगावरून आत्या माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी चिपळूणचं विचारलं नाही. मी तासभर पडद्यावर रिकामी खिडकी उघडून तिच्यात काहीतरी शोधत असल्यासारखी बसले. त्या लसूण सोलत बसल्या. सोललेलाच लसूण परत सोलत होत्या, हे मला दिसत होतं, आणि मी काय करतेय ते त्यांना दिसत असणार.

रविवारी चार वाजता दारात चपलांचा ढीग पडला. मास्तरांनी गल्लीत सांगून ठेवलं होतं की आज भाऊ, म्हणजे हे, घाट उतरणार. पहिल्यांदा हौसाकाकू आल्या, ठेवणीतली साडी नेसून.

"गाडीत जागा न्हाई, तर घरात बसू," त्या म्हणाल्या आणि खिडकीजवळ जाऊन बसल्या. "ही सीट माझी. मला उलटीचा तरास हाय."

मास्तर पेपर घेऊन पुढं, ह्यांच्या अगदी पाठीमागं. पलंगावर आत्या, त्यांच्याशेजारी तांबोळीभाभी. जमिनीवर सतरंजी टाकली होती, ती भरली, मग लोक दारात उभे राहिले.

"सरका, सरका, आत सरका," मास्तर म्हणाले. "मधला पॅसेज मोकळा ठेवा."

"आत्या, तिकीट?" कुणीतरी विचारलं.

"मला अर्धं," आत्या म्हणाल्या. "मी शहात्तराची हाय. आणि ड्रायव्हर माझा पोरगा हाय."

भाभींनी स्टीलच्या ग्लासवर चमचा मारला, दोनदा. टिंग टिंग. आणि हे हसले. तीन महिन्यांत मी ह्यांचे पुढचे दात बघितले नव्हते. त्या दिवशी दिसले.

गाडी निघाली. पाटण सुटलं तशा मागं गप्पा सुरू झाल्या, खऱ्या गाडीत होतात तशा. कुणाची सून, कुणाचं गुडघ्याचं दुखणं. काकूंनी पिशवीतून शेंगा काढल्या आणि त्या सगळ्या गाडीभर फिरल्या. हेळवाकला त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "भनीनं पत्रा नवा टाकला वाटतं." बाहेर आमच्या शेजाऱ्यांचा नळ होता. चढाला सगळे जरा मागं रेलले. घाटमाथ्यावर भजीवाल्याला हॉर्न दिला तर दोघा-तिघांनी हातही केला. मग उतार लागला. पहिल्या वळणाला अख्खी सतरंजी उजवीकडं कलली. दुसऱ्याला डावीकडं. दारातले उभे होते ते चौकटीला धरून कलले. मास्तरांचा पेपर काकूंच्या मांडीवर पडला. मी हसून हसून डोळे पुसत होते, आणि पुसताना माझं लक्ष ह्यांच्या बोटाकडं गेलं.

गाडी थांबली.

मागं सगळे कललेलेच राहिले, एका बाजूला, कसं सरळ व्हावं ते न सुचल्यासारखे. मग हळूहळू एकेक सरळ झाला.

"लॅपटॉप अडकला," मास्तर म्हणाले.

"लाइट कमी आली असंल," काकू म्हणाल्या.

"गरम झाला असेल. एवढी माणसं बसलोय एका खोलीत."

"ढगबी आल्यात. नेट गेलं असंल."

"भाऊंची कंबर भरली असंल हो. उठू दे त्यांना जरा. पाय मोकळे करू दे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मिस्त्री मी होते. कोपऱ्यात एक्केचाळीस लख्ख दिसत होतं, आणि तो आकडा कशाचा ते मी गल्लीत सगळ्यांना शिकवून ठेवलेलं होतं, तरी त्यांच्यापैकी कुणी तिकडं बघत नव्हतं. बघायचं नाही असं प्रत्येकानं आपापलं ठरवलं होतं. मी तोंड उघडलं. एखादी फाइल ऱ्हाली असंल, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

"राहू दे गं," हे म्हणाले.

आणि त्यांनी खुर्ची फिरवली. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर किर्र वाजली. ड्रायव्हर केबिनमधून मागं वळून बघतो तसे ते बघत होते, पहिल्या सीटपासून दारात उभ्या असलेल्यांपर्यंत. दोन्ही हात मांडीवर होते. एकही कंबरेवर नव्हता.

"लॅपटॉप चांगला चाललाय," ते म्हणाले. "हिनं चांगला केलाय. मला कंबरेचंही काही नाही. मला त्या वळणाची भीती वाटते."

मी आत्यांकडं बघितलं, आत्यांनी भाभींकडं. भाभींच्या हातात अजून तो ग्लास आणि चमचा होता.

"मलापण वाटते, भाऊ," त्या म्हणाल्या. "सावकाश घ्या. आम्हाला कुठं घाई आहे."